कापडाचे गियर, पोलादाची परीक्षा: जुन्या मोटारींच्या इंजिनातील अधातू दाते कसे तपासले जात

फोर्ड कंपनीने १९२७ च्या डिसेंबरात लोकांसमोर आणलेल्या मॉडेल ए या गाडीच्या इंजिनाचे पुढचे झाकण उघडले, तर आत एकमेकांत अडकलेले दोन गियर दिसतात. खालचा लहान गियर पोलादाचा असतो. वरचा मोठा गियर मात्र तपकिरी रंगाचा, हाताला हलका लागणारा असतो, आणि त्याच्या दात्यांवर तिरप्या उजेडात पाहिले की कापडाची वीण स्पष्ट दिसते. हा गियर खरोखरच कापडाचा आहे: सुती कॅनव्हासचे थर कृत्रिम राळेत भिजवून, गरम दाबयंत्रात दाबून एकजीव केलेल्या जाड पाटातून तो कापलेला असतो. तासन्‌तास गरम तेलात फिरणाऱ्या आणि प्रत्येक फेरीला धक्के खाणाऱ्या जागी कापड टिकेल, हे कोणाला सहज पटणारे नव्हते. ते पटवण्यासाठी ज्या चाचण्या झाल्या, त्यांतून गियरच्या दात्याकडे पाहण्याची अभियंत्यांची दृष्टीच काही प्रमाणात बदलली.

आधी हा गियर कोणते काम करतो ते पाहू. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्या होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडायचा असतो. म्हणून व्हॉल्व्ह उचलणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या गतीने फिरवावा लागतो, आणि त्यासाठी कॅमशाफ्टच्या गियरला क्रँकच्या गियरच्या दुप्पट दाते ठेवावे लागतात. या जोडीला टायमिंग गियर म्हणतात. गाडी ओढण्याची सगळी शक्ती या जोडीतून जात नाही. जाते ती फक्त व्हॉल्व्ह उचलण्यापुरती आणि जोडीला असलेली लहानसहान यंत्रे फिरवण्यापुरती. त्यामुळे सरासरी भार कमी असतो.

पण सरासरी येथे फसवी आहे. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबू लागतो तेव्हा गियरला जोर लावावा लागतो. उंचवट्याचा माथा ओलांडला की तीच स्प्रिंग उलट कॅमला पुढे ढकलते, आणि क्षणभर कॅमशाफ्टच क्रँकशाफ्टला ओढू पाहतो. दात्यांमध्ये ठेवलेली बारीक फट, म्हणजे मेकॅनिक ज्याला ‘प्ले’ म्हणतात ती, अशा वेळी एका बाजूने मिटते आणि दुसऱ्या बाजूने उघडते. दाता एका अंगावरून सुटतो आणि दुसऱ्या अंगावर आदळतो. क्रँकशाफ्टही एकसारख्या गतीने फिरत नसतो, कारण प्रत्येक स्फोटाबरोबर तो किंचित झेप घेतो आणि पुढच्या स्फोटापर्यंत किंचित मंदावतो. या सगळ्यामुळे टायमिंग गियरवरचा भार दर फेरीला अनेकदा दिशा बदलतो, आणि धातूचे दोन गियर असतील तर त्या प्रत्येक बदलाचा आवाज होतो.

त्यात दात्यांच्या नियमित भिडण्याचा सूर मिसळतो. उदाहरणादाखल क्रँकच्या गियरला २४ दाते आहेत आणि इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्या घेत आहे असे धरले, तर सेकंदाला ४० फेऱ्या होतात आणि ९६० वेळा दाता दात्याला भिडतो. दाते काटेकोर कापलेले नसतील तर हीच कंपने मोठी होऊन कानाला चांगलीच टोचणारी शिटी निर्माण करतात. उघड्या गाडीत वाऱ्यात आणि रस्त्याच्या आवाजात ती बुडून जात असे. पण अमेरिकेत १९१९ साली विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी साधारण १० टक्के गाड्याच बंदिस्त होत्या, त्या १९२७ पर्यंत सुमारे ८५ टक्के झाल्या. बंद डब्यात बसलेल्या गिऱ्हाइकाला इंजिनाची कुरकुर ऐकू येऊ लागली आणि शांतता ही विकण्याजोगी वस्तू बनली. चार्ल्स नाइट यांचे सरकत्या बाहीच्या व्हॉल्व्हचे इंजिन तर ‘सायलेंट नाइट’ याच नावाने ओळखले जाई. दुसरा मार्ग साखळीचा होता. हान्स रेनॉल्ड यांनी १८९५ मध्ये काढलेली दातेरी, आवाज न करणारी साखळी अनेक महागड्या गाड्यांत टायमिंगसाठी वापरली गेली. ती चांगली होती, पण महाग होती आणि कालांतराने लांबत असे. स्वस्त गाडीसाठी दोनच गियरांची साधी जोडी हवी होती, फक्त ती गप्प बसायला हवी होती.

राळेच्या आधीचे प्रयत्न

धातूऐवजी दुसरे काही वापरून गियर गप्प करण्याची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. विजेच्या मोटारींवर आणि कारखान्यांतील यंत्रांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कच्च्या कातड्याचे लहान गियर बसवले जात. कातड्याच्या चकत्या एकावर एक रचून, दाबून, दोन्ही बाजूंनी धातूच्या तबकड्यांमध्ये रिव्हेटने आवळत आणि मग त्यावर दाते कापत. आवाज उत्तम दबे, पण ओल आणि उष्णता दोन्ही कातड्याला सोसत नसत, त्यामुळे इंजिनाच्या पोटात ते फार काळ निभावणे कठीण होते. कागदावर झिंक क्लोराइडची प्रक्रिया करून बनवलेला व्हल्कनाइज्ड फायबर स्वस्त होता, पण तो पाणी पिऊन फुगत असे. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने फॅब्रॉइल नावाने कापसाचे थर पोलादी तबकड्यांमध्ये प्रचंड दाबाखाली कोंबून गियर बनवले, आणि ते बरेच चालले. पण या साऱ्यांत एक गोष्ट समान होती: तंतू एकमेकांना धरून राहावेत म्हणून बाहेरून धातूचा आधार द्यावा लागे. तंतूंना आतून बांधणारे असे काही हवे होते.

ते लिओ बेकलँड यांनी दिले. बेल्जियममधील गेंट येथे जन्मलेल्या आणि न्यू यॉर्कजवळ याँकर्स येथे घरालगतच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांच्यापासून बनणाऱ्या राळेच्या पेटंटचा अर्ज १९०७ मध्ये केला. या राळेचा खरा गुण तिच्या तीन अवस्थांत आहे. पहिल्या अवस्थेत ती अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून कापडात मुरवता येते. दुसऱ्या अवस्थेत ती सुकलेली दिसते, पण उष्णतेने पुन्हा मऊ होते. तिसऱ्या अवस्थेत दाब आणि उष्णता एकत्र मिळाली की ती कायमची घट्ट होते, आणि त्यानंतर कितीही तापवले तरी वितळत नाही. फार तापवले तर करपते. वेस्टिंगहाउस कंपनीने ही राळ कागदात आणि कापडात मुरवून मायकार्टा नावाचा पाट बनवला, तो मुळात विजेच्या यंत्रांतील रोधक म्हणून. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओकॉनर यांनी १९१३ मध्ये सिनसिनाटी येथे फॉर्मिका कंपनी काढली. तिचे नाव आज स्वयंपाकघरातील ओट्याशी आणि टेबलांशी जोडले जाते, पण १९२० च्या दशकात मोटारींचे टायमिंग गियर हा तिच्या धंद्याचा मोठा भाग होता. वेस्टिंगहाउस आणि फॉर्मिका यांच्यात पेटंटवरून भांडण जुंपले आणि १९२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फॉर्मिकाच्या बाजूने निकाल दिला. पेटंटच्या कायद्यात तो निकाल आजही वाचला जातो.

पाट बनतो कसा, आणि तपासायचे काय

कॅनव्हासचा लांब पट्टा राळेच्या द्रावणातून ओढतात, रूळांमध्ये पिळून जास्तीची राळ काढतात आणि गरम हवेच्या उंच कपाटातून वर नेत सुकवतात. मग त्याचे तुकडे कापून एकावर एक रचतात आणि साधारण १५० ते १७५ अंश सेल्सियसला, दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या आसपास दाब देऊन दाबयंत्रात धरतात. यात प्रत्येक पायरीवर काहीतरी बिघडू शकते. राळ कमी पडली तर थर सुटतात. जास्त झाली तर पाट ठिसूळ होतो, कारण राळ स्वतः ठिसूळच असते आणि चिवटपणा येतो तो कापसाच्या धाग्यांतून. कपाटात कमी सुकवले तर आत अडकलेले अल्कोहोल दाबयंत्रात फोड आणते. जाड पाटाच्या बाहेरच्या थरांना उष्णता लवकर पोहोचते आणि मधल्या थरांना उशिरा, म्हणून वेळ कमी दिला तर वरून पक्का दिसणारा पाट मध्यभागी कच्चा राहतो. बाहेरून पाहून यातले काहीच कळत नाही, आणि म्हणूनच चाचण्यांचा खटाटोप.

पहिल्या चाचण्या सरळ आहेत. पाटातून पट्ट्या कापून त्या ताणून तोडायच्या, वाकवून तोडायच्या, आणि खाच पाडलेल्या तुकड्यावर लंबकाचा हातोडा आपटून तो तोडायला किती ऊर्जा लागते ते मोजायचे. ही शेवटची पद्धत शार्पी आणि आयझॉड यांच्या नावांनी विसाव्या शतकाच्या आरंभापासून धातूंसाठी रूढ होतीच. पण धातूसाठी पुरेशी असलेली पद्धत येथे अपुरी पडते, कारण कापडाला दिशा असते. उभ्या धाग्याच्या दिशेने कापलेली पट्टी सर्वांत बळकट निघते, आडव्या धाग्याची थोडी कमी, आणि ४५ अंशांत तिरपी कापलेली पट्टी सर्वांत दुबळी, कारण तिच्यात एकही धागा सरळ ताण घेत नाही. आता गोल गियरचा विचार करा. सगळे थर एकाच दिशेने रचले असतील, तर परिघावरच्या काही दात्यांत धागे दात्याच्या लांबीने धावतील आणि चार ठिकाणी ते तिरपे येतील. म्हणजे एकाच गियरला बळकट आणि दुबळे दाते असतील. यावर उपाय म्हणून प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा थोडा फिरवून रचत, किंवा कापडाचे तुकडे करून ते राळेसह साच्यात दाबत, म्हणजे कोणतीच दिशा वरचढ राहत नसे. चाचणी करणाऱ्याला त्यामुळे पाटाच्या पट्टीवर विसंबता येत नाही. तयार गियरचा एकेक दाता, परिघावर वेगवेगळ्या ठिकाणी, पोलादी बोटाने दाबून मोडून पाहावा लागतो.

मग येते शोषण. तुकडा भट्टीत सुकवायचा, तोलायचा, २४ तास पाण्यात बुडवायचा, पुसून पुन्हा तोलायचा, आणि तिन्ही दिशांनी मापायचा. जाड विणीचे कॅनव्हास बारीक विणीच्या कापडापेक्षा जास्त पाणी पिते, आणि कापलेल्या कडांतून ते जास्त शिरते, कारण तेथे धाग्यांची टोके उघडी पडलेली असतात. दाते कापल्यावर गियरची सगळी कामाची बाजू म्हणजे कापलेली कडच असते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. इंजिनाच्या तेलात पाणी असतेच. थंडीत ते वाफेच्या रूपाने आत साचते. समजा, ६ इंच व्यासाचा गियर हजारात एका भागाने फुगला. त्याची त्रिज्या ३ हजारांश इंचांनी वाढेल. ऐकायला हे काहीच नाही, पण दोन शाफ्टांमधले अंतर बिडाच्या ब्लॉकमध्ये पक्के ठरलेले असते आणि दात्यांमधला प्ले स्वतःच काही हजारांश इंचांचा असतो. फुगलेला गियर तो प्ले खाऊन टाकतो, दाते एकमेकांत रुततात, घासून तापतात, आणि तापल्यावर आणखी फुगतात. म्हणून अधातू गियरसाठी धातूपेक्षा थोडा जास्त प्ले ठेवण्याची प्रथा पडली, आणि किती जास्त ठेवायचा हे शोषणाच्या चाचणीवरून ठरू लागले.

उष्णतेची चाचणी दिसते तितकी साधी नाही. तेलाचे तापमान मोजणे सोपे, पण दात्याचे तापमान वेगळे असते. हा पाट उष्णता पोलादाच्या तुलनेत शंभरपटीहून कमी वाहून नेतो. दात्यांच्या घसरण्यातून आणि दर वेळी वाकून सरळ होण्यातून निर्माण झालेली उष्णता दात्याच्या पृष्ठभागाशीच साचून राहते. तिला बाहेर काढण्याचे काम तेल आणि समोरचा धातूचा गियर करतात. दोन अधातू गियर एकमेकांवर चालवायचे नाहीत, या नियमामागे हे एक कारण आहे. पाटाला सतत सुमारे १२० अंश सेल्सियसच्या वर ठेवले तर कापूस हळूहळू करपून ठिसूळ होतो. म्हणून गरम तेलात आठवड्यांनी मुरवलेले तुकडे पुन्हा हातोड्याच्या चाचणीला लावत, कारण ताणाची ताकद बऱ्यापैकी टिकून असतानाही धक्का सोसण्याची ताकद आधी घसरलेली असू शकते.

ताकद कमी, तरी काम जास्त

येथपर्यंतच्या चाचण्यांचे आकडे कोणा धातूच्या माणसाला दाखवले असते, तर त्याने नाक मुरडले असते. ताणाची ताकद पोलादाच्या एका अंशाएवढी. ताठरपणा तर त्याहून वाईट. पोलादाचा ताठरपणा दर्शवणारा लवचिकता-अंक दर चौरस इंचाला सुमारे ३ कोटी पौंड असतो. या पाटाचा सुमारे १० लाख, म्हणजे तिसावा भाग. पण गियरच्या बाबतीत हा ‘दोष’च उपयोगी ठरतो, असे माझे मत आहे, आणि पुढच्या चाचण्यांनी नेमके हेच दाखवले.

कोणताही गियर अगदी अचूक कापलेला नसतो. समजा, एखादा दाता एक हजारांश इंचाने जाड आहे. पोलादाच्या जोडीत तो आधी भिडतो, आणि तो एवढा ताठ असतो की शेजारच्या दात्यापर्यंत भार पोहोचण्याआधी सगळा धक्का एकट्यावर झेलतो. कापडाचा दाता त्याच धक्क्याखाली थोडा दबतो, तोवर शेजारचा दाता भिडतो आणि भार वाटून घेतो. जितका वेग जास्त, तितका धातूच्या जोडीतला हा धक्का मोठा. हलक्या वजनाचाही येथे फायदा होतो: या पाटाची घनता पाण्याच्या सुमारे १.३५ पट, तर पोलादाची ७.८५ पट असते, त्यामुळे दर वेळी गती बदलताना हलवायचे वजन कमी असते.

हे आकड्यांत कसे उतरते ते पाहण्यासारखे आहे. विल्फ्रेड लुईस यांनी १८९२ मध्ये फिलाडेल्फियात मांडलेले दात्याच्या ताकदीचे सूत्र आजही गियरच्या गणिताचा पाया मानले जाते. त्यात दात्याला एका टोकाला पकडलेली आखूड तुळई समजून तिच्या मुळाशी येणारा ताण काढतात. वेगाचा परिणाम धरण्यासाठी कार्ल बार्थ यांनी एक गुणक सुचवला: सामान्य प्रतीच्या धातूच्या गियरसाठी ६०० भागिले ६०० अधिक वेग, जेथे वेग म्हणजे दात्यांच्या वर्तुळावरचा मिनिटाला फुटांतील वेग. अधातू गियरसाठी हा गुणक अन्यायकारक आहे असे चालवून पाहिल्यावर दिसले, आणि १९१६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन गियर मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनने त्यांच्यासाठी वेगळा गुणक घेतला: १५० भागिले २०० अधिक वेग, आणि त्यात ०.२५ मिळवायचे. स्थिर अवस्थेत बिडाला दर चौरस इंचाला ८००० पौंड आणि राळेच्या पाटाला ६००० पौंड सुरक्षित ताण धरण्याचा प्रघात होता.

आता हे दोन्ही वापरून पाहू. वेग मिनिटाला १०० फूट असेल तर बिडाचा गुणक ०.८६ येतो आणि त्याला सुमारे ६८५० पौंडांचा ताण चालतो. पाटाचा गुणक ०.७५ आणि ताण ४५००. बीड आरामात पुढे आहे. वेग २००० फूट, म्हणजे सेकंदाला सुमारे १० मीटर झाला की बिडाचा गुणक ०.२३ वर उतरतो आणि ताण सुमारे १८५० होतो; पाटाचा गुणक ०.३२, ताण सुमारे १९००. दोघे बरोबरीला आले. ४००० फुटांवर बीड सुमारे १०४० वर घसरते, तर पाट सुमारे १७१० वर टिकून असतो. थांबलेल्या यंत्रात दुबळा ठरलेला पदार्थ पळत्या यंत्रात वरचढ ठरतो. कॅमशाफ्टचा ६ इंची गियर मिनिटाला १००० फेऱ्या घेत असेल तर त्याच्या दात्यांचा वेग सुमारे १५७० फूट येतो, म्हणजे मोटारीचे इंजिन नेमके या बरोबरीच्या पट्ट्याच्या आसपास काम करते. मात्र येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. धातूचे दाते जास्त काटेकोर कापलेले असतील तर बार्थ यांच्या गुणकात ६०० ऐवजी १२०० धरतात, आणि मग ४००० फुटांवरही बीड किंचित पुढेच राहते. म्हणजे कापडाच्या गियरचा फायदा हा बऱ्याच अंशी त्या काळच्या कापणीच्या कमअस्सलपणाचा फायदा होता. स्वस्त गाडीत, लाखोंच्या संख्येने बनणाऱ्या गियरमध्ये, तो कमअस्सलपणा गृहीतच धरावा लागे.

दात्यांवर वेगामुळे येणारा जादा भार प्रत्यक्ष मोजण्यासाठी लुईस यांनी एक चाचणीयंत्र तयार केले. अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या समितीने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे त्यावर प्रयोग करवले. लुईस १९२९ मध्ये वारले. अर्ल बकिंगहॅम यांच्या नावाशी जोडला गेलेला अहवाल १९३१ मध्ये आला. भाराचा फुगवटा दात्याच्या चुकीवर आणि त्याच्या ताठरपणावर अवलंबून असतो, ही गोष्ट त्यातून पक्क्या गणितात बसली.

चालवून पाहणे

गियर महिनोन्‌महिने भाराखाली चालवायचा तर वीज फार खर्च होते. यावर एक हुशार युक्ती होती. दोन समांतर शाफ्टांच्या दोन्ही टोकांना सारख्याच प्रमाणाच्या गियरजोड्या बसवायच्या. एक शाफ्ट मध्ये तोडलेला ठेवायचा, त्याचे दोन भाग एकमेकांविरुद्ध पिळायचे आणि पिळलेल्या अवस्थेत बोल्टने जखडायचे. आता सगळे दाते कायम भाराखाली असतात, शक्ती त्याच चौकटीत फिरत राहते, आणि बाहेरच्या मोटारीला फक्त घर्षणाची भरपाई करावी लागते. धातूच्या गियरसाठी ही रचना झकास चालते. कापडाच्या गियरमध्ये मात्र एक खोच आहे: दाते झिजले आणि दबले की पीळ सैल पडतो आणि भार आपोआप कमी होतो. लक्ष नसेल तर चाचणी करणारा समजतो की गियर छान टिकला, आणि प्रत्यक्षात शेवटचे कित्येक तास तो जवळजवळ रिकामाच फिरलेला असतो. म्हणून पीळ वजनाने किंवा स्प्रिंगने सतत राखावा लागतो, नाहीतर ठरावीक वेळाने यंत्र थांबवून तपासावा लागतो.

या यंत्रावर समोरच्या गियरची निवडही ठरली. कापडाचा गियर मऊ पोलादाबरोबर चालवला तर आश्चर्य म्हणजे पोलादच जास्त झिजते. तेलातली धातूची भुकटी आणि धूळ कापडाच्या मऊ पृष्ठभागात रुतून बसते आणि मग तो दाता कानसासारखा समोरच्या दात्याला घासत राहतो. त्यामुळे समोर कडक केलेले पोलाद नाहीतर चांगल्या प्रतीचे बीड घ्यावे, हा नियम झाला.

तरीही चौकटीतले यंत्र इंजिनाची जागा घेऊ शकत नाही. टायमिंग गियरचे प्रमाण नेमके दोनास एक असते, म्हणून कॅमच्या गियरचा प्रत्येक दाता दर फेरीला क्रँकच्या त्याच दात्याला भेटतो. शिवाय कॅमचे उंचवटे गियरच्या सापेक्ष पक्के असतात, त्यामुळे व्हॉल्व्ह उचलण्याचा जड भार आयुष्यभर त्याच ठरावीक दात्यांवर पडतो आणि बाकीचे दाते जवळजवळ मोकळे राहतात. मिनिटाला १००० फेऱ्यांच्या हिशेबाने १०० तासांत त्या दात्यांवर ६० लाख वेळा तोच मार बसतो. एकसारखा भार देणाऱ्या यंत्रात ही विषमता येतच नाही. म्हणून शेवटची परीक्षा इंजिनावरच: आधी ब्रेकला, म्हणजे भार देऊन शक्ती मोजणाऱ्या यंत्राला, जोडलेल्या इंजिनावर, मग गाडीत. जनरल मोटर्सने १९२४ मध्ये मिलफर्ड येथे स्वतःचे चाचणी-रस्ते उभारल्यावर अशा परीक्षा एकाच प्रकारच्या परिस्थितीत पुन्हापुन्हा घेणे शक्य झाले. हँडल मारून इंजिन चालू करताना कधी स्फोट अवेळी होऊन क्रँक उलट झटका देई. तो झटकाही टायमिंगच्या दात्यांना सोसावा लागे, आणि तो कोणत्याही संथ यंत्रात सापडत नाही.

आवाजाची तपासणी मात्र बराच काळ कानांवरच अवलंबून होती. सुतळीला टांगलेल्या बिडाच्या गियरवर टिचकी मारली तर तो कितीतरी वेळ टणटणत राहतो. राळेचा गियर ‘टक्‌’ करतो आणि संपतो. कंपन गिळून टाकण्याचा हा गुण आवाज दबवण्यात ताठरपणाच्या अभावाइतकाच महत्त्वाचा आहे. ‘डेसिबल’ हे एकक १९२८ च्या सुमारास रूढ झाले आणि मायक्रोफोन व निर्वात नळ्यांच्या प्रवर्धकांनी आवाज आकड्यांत उतरवता येऊ लागला. तरी शिटी आणि खडखडाट यांत फरक करायला अनुभवी माणसाचा कान लागतच असे, कारण दोन गियरांचे डेसिबल सारखे असूनही एक सुसह्य आणि दुसरा असह्य वाटू शकतो. मॉडेल ए मध्ये दाते तिरपे कापलेले होते, म्हणजे एक दाता पूर्ण सुटण्याआधी दुसरा भिडलेला असे. तिरप्या दात्यांमुळे कॅमशाफ्ट लांबीच्या दिशेने सरकू पाहतो, म्हणून पुढच्या झाकणात स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी दांडी कॅमशाफ्टला मागे दाबून ठेवते. झाकण बसवताना ती दांडी विसरली, तर आवाजाचे खापर उगाच गियरवर फुटते.

मोडतो कसा

चाचण्यांत मोडलेल्या गियरांच्या मोडण्याच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. चांगल्या पाटाचा गियर हळूहळू झिजतो, प्ले वाढतो, आवाज वाढतो, आणि त्यामुळे मालकाला सूचना मिळते. कच्च्या पाटाचा गियर थरांत सुटतो. दात्याच्या बाजूला नखाने जाणवणारी चीर दिसते. तेलाअभावी तापलेल्या गियरचे दाते काळे पडून चुऱ्यासारखे होतात. आणि दात्याचे मूळ दुबळे असेल तर एक दाता तुटताच त्याचा भार पुढच्यावर पडतो आणि दात्यांची रांगच्या रांग काही क्षणांत उतरते. मधला धातूचा तुंबा सैल होणे ही आणखी एक तऱ्हा: दाते शाबूत असतात, पण कॅमशाफ्ट फिरतच नाही. मॉडेल ए सारख्या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारच्या कप्प्यात असल्यामुळे पिस्टन त्यांच्यावर आपटत नाही. गाडी फक्त जागच्या जागी मुकी होते, आणि गियर बदलला की पुन्हा चालते. माझ्या मते स्वस्त गाड्यांत हा पदार्थ बेधडक वापरला जाण्यामागे ही सोयही होती.

शेवरोलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत हे गियर अनेक दशके चालले. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे १९२८ पासून शेवरोले गाड्यांची जुळणी सुरू केली होती, त्यामुळे जुन्या गाड्या हाताळणाऱ्या आपल्याकडच्या मेकॅनिकांनाही ‘फायबर गियर’ ओळखीचा आहे. अमेरिकेत तर फोर्डच्या ३०० घनइंची सहा सिलिंडरच्या आणि जनरल मोटर्सच्या ‘आयर्न ड्यूक’ या चार सिलिंडरच्या इंजिनांतही राळेचे कॅमगियर होते, म्हणजे हा पदार्थ मॉडेल ए नंतर अर्धशतक उलटूनही टिकून होता. जुन्या मॉडेल ए चे आजचे मालक बऱ्याचदा त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा गियर बसवतात. तो जास्त टिकतो, आणि थोडा जास्त गातो.

ज्यांना मूळचाच ठेवायचा आहे, त्यांनी डब्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेला ‘नवा’ गियर बसवण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. दमट जागेत ठेवलेला असेल तर तो थोडा फुगलेला असू शकतो, म्हणून व्यास आणि जाडी मोजावी आणि बाजूने थरांत चीर नाही ना हे भिंगातून तपासावे. बसवल्यानंतर प्ले एकाच जागी मोजून थांबू नये. कॅमशाफ्ट थोडाथोडा फिरवत निदान चार ठिकाणी डायल गेजने मोजावा. वापरलेल्या गियरमध्ये व्हॉल्व्ह उचलणाऱ्या दात्यांपाशी तो इतर ठिकाणांपेक्षा जास्त भरला, तर झीज तेथेच सुरू झाली आहे असे समजावे.